कौल घेतला म्हणून प्रश्न मिटला

१९६६ सालच्या शेवटच्या तीन महिन्यांत दिल्लीने मराठी मुलखाशी जोडलेल्या दोन वादांवर दोन वेगळे तोडगे काढले. ऑक्टोबरात महाराष्ट्र-म्हैसूर सीमावादासाठी माजी सरन्यायाधीश मेहेरचंद महाजन यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला. डिसेंबरात गोव्यासाठी संसदेने जनमत कौलाचा कायदा केला. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळा राहावा, हे गोव्यातल्या मतदारांनीच सांगायचे होते. सरकार तेच होते, पंतप्रधान इंदिरा गांधीच होत्या. गोव्यात १६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले, तीन दिवसांत निकाल लागला आणि विलीनीकरणाचा वाद तिथेच संपला. महाजन आयोगाचा अहवाल त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आला आणि सीमावाद तिथून आणखी चिघळला. २००४ पासून तो सर्वोच्च न्यायालयात आहे. देशाच्या मोठ्या निर्णयांत सार्वमताला जागा असावी का, यावर आपल्याकडे बोलणे निघाले की ब्रिटनचे ब्रेक्झिट पुढे केले जाते. घरचे उदाहरण सोडून इतक्या दूर जायचे कारण नाही. उलट पेडणे, डिचोली, सत्तरी या तालुक्यांतून या प्रश्नाकडे बघायला हवे, कारण त्या कौलात हा मुलूख हरलेल्या बाजूला होता. जिंकलेल्याला कोणताही निकाल गोड लागतो. हरलेल्याने तो का मानला, हे पाहिले तर सार्वमताची ताकद कळते आणि मर्यादाही कळतात.

आधी तीन निकाल शेजारी ठेवू. ९ डिसेंबर १९६३ रोजी गोव्यात पहिली विधानसभा निवडणूक झाली. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या (मगो) बाजूला १६ जागा आल्या, युनायटेड गोवन्सला १२ मिळाल्या आणि काँग्रेसला गोव्याच्या भूमीवर एकही जागा मिळाली नाही. विलीनीकरण हे मगोचे मुख्य वचन होते, त्यामुळे लोकांनी विलीनीकरणालाच मत दिले आहे असे पक्षाने मानले आणि जानेवारी १९६५ मध्ये विधानसभेने तसा ठरावही केला. युनायटेड गोवन्सचे नेते डॉ. जॅक सिक्वेरा यांचे म्हणणे होते की पाच वर्षांसाठी निवडून आलेल्या सभेने प्रदेशाचे कायमचे अस्तित्व मिटवणारा निर्णय साध्या बहुमताने घेऊ नये, तो थेट लोकांना विचारावा. मग जानेवारी १९६७ चा कौल झाला. एकूण ३,८८,४३२ मतदारांपैकी ३,१७,६३३ जणांनी मत दिले, म्हणजे जवळजवळ ८२ टक्के. वेगळे राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ आणि विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली. फरक ३४,०२१ मतांचा. इथे गोष्ट संपली असती तर ‘लोकांचे मन बदलले’ किंवा ‘मगोची लाट ओसरली’ असे म्हणता आले असते. पण अवघ्या दहा आठवड्यांनी, २८ मार्च १९६७ रोजी, पुन्हा विधानसभेची निवडणूक झाली आणि त्याच मतदारांनी मगोला पुन्हा १६ जागा व युनायटेड गोवन्सला पुन्हा १२ जागा दिल्या. मगोचे नेते भाऊसाहेब बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. आकडेसुद्धा तेच आले.

माझ्या मते सार्वमताच्या बाजूने याहून सबळ पुरावा जगात शोधूनही मिळायचा नाही. निवडणुकीत मतदार एकाच मताने दहा प्रश्नांची उत्तरे देतो. उमेदवार आपला आहे का, तो दारात उभे करतो का, कूळकायद्याबद्दल काय म्हणतो, शाळा काढील का, कोणाच्या दडपणातून सोडवील, हे सगळे त्या एका शिक्क्यात येते. मग जिंकलेला पक्ष त्यातले स्वतःला हवे ते उत्तर उचलतो आणि ‘जनादेश’ म्हणून मिरवतो. गोव्याच्या मतदाराने जानेवारीत आणि मार्चमध्ये दाखवून दिले की ही दोन उत्तरे वेगळी असू शकतात. राज्य कोणी करावे याचे उत्तर भाऊसाहेब बांदोडकर, आणि गोव्याचे काय व्हावे याचे उत्तर वेगळे राहावे. दोन्ही प्रश्न एकाच मतपत्रिकेत कोंबले असते तर एका उत्तराचा बळी गेला असता. विधानसभेच्या ठरावावर दिल्लीने तेव्हाच शिक्का मारला असता, तर बहुसंख्य मतदारांना नको असलेला निर्णय त्यांच्याच नावाने झाला असता आणि तो परत फिरवायला कोणताही दरवाजा उरला नसता. सरकार पाच वर्षांनी पाडता येते. एकदा दुसऱ्या राज्यात मिसळलेला प्रदेश पुढच्या निवडणुकीत बाहेर काढता येत नाही. सार्वमताची खरी जागा इथेच आहे. जो निर्णय पुढची विधानसभा उलटवू शकत नाही, तो आधी लोकांना विचारावा.

पेडणे आणि डिचोली या तालुक्यांनी फुलाला का पसंती दिली, हे नीट समजून घ्यायला हवे. मतपत्रिकेवर विलीनीकरणाचे चिन्ह फूल होते, वेगळे राहण्याचे दोन पाने. तिसवाडी, बारदेश, सासष्टी या जुन्या काबिजादी सोळाव्या शतकातच पोर्तुगिजांकडे गेल्या होत्या. डिचोली आणि सत्तरी त्यांच्या हाती पडली ती १७८० च्या दशकाच्या सुरुवातीला, आणि पेडणे १७८८ मध्ये, सावंतवाडीकर भोसल्यांकडून. म्हणजे या मुलखावर पोर्तुगीज राज्य आले तेव्हा देवळे, बोली, सणवार आणि सोयरीक सगळे घाटमाथ्याशी आणि वाडीशी जुळलेले होते, आणि ते तसेच राहिले. तेरेखोल नदी ओलांडली की आरोंदा, बांदा, सावंतवाडी. डिचोलीहून पुढे दोडामार्ग. लग्नाचे वऱ्हाड नदीच्या अलीकडून पलीकडे जाणे ही इथली रोजची गोष्ट. पण केवळ नात्यागोत्यामुळे फूल फुलले नाही. त्यामागे जमीन होती. मुंडकाराच्या घराच्या भिंती त्याने स्वतः उभारलेल्या असत, पण खालची माती भाटकाराची, म्हणजे जमीनमालकाची. भाटकाराची मर्जी फिरली की तीन पिढ्यांचा संसार उचलून चालू लागायचा. शेत कसणाऱ्या कुळाचीही तीच कथा. नदीपलीकडे मात्र कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरवून कसणाऱ्याला मालक मानले होते. पलीकडचा मामेभाऊ जमिनीचा धनी झाला आणि आपण अजून भाटकारापुढे हात जोडतो, हे पेडण्यातला कूळ डोळ्यांनी बघत होता. त्याला महाराष्ट्र म्हणजे हा कायदा वाटत होता, गावातली मराठी शाळा वाटत होती, ताठ मानेने उभे राहणे वाटत होते. त्या मतामागचा हा हिशेब अगदी रास्त होता.

आणि तरीही मतपत्रिकेवर जमिनीचा प्रश्न नव्हता. सार्वमतावरचा सर्वांत वजनदार आक्षेप इथूनच निघतो. तुम्ही एक प्रश्न विचारता आणि लोक भलत्याच प्रश्नाचे उत्तर देतात, मग त्या उत्तराला काय किंमत, असे विचारले जाते. आक्षेपात तथ्य आहे. पण गोव्याचा पुढचा इतिहास पाहा. विलीनीकरण हरले म्हणून कुळाचे दुःख हरले नाही. १९७५ मध्ये मुंडकार कायदा झाला, १९७६ मध्ये कूळकायद्याची पाचवी दुरुस्ती आली. दोन्ही कायदे पणजीच्याच विधानसभेने केले, आणि तेही शशिकला काकोडकर यांच्या, म्हणजे मगोच्याच, राजवटीत. सगळे वेळेवर झाले असे नाही. डिचोली तालुक्यातल्या मये गावची जमीन एका पोर्तुगीज घराण्याच्या नावावर होती. गोवामुक्तीनंतर ती इव्हॅक्यूई प्रॉपर्टी, म्हणजे देश सोडून गेलेल्यांची मालमत्ता, म्हणून सरकारच्या ताब्यात गेली, आणि गावकऱ्यांच्या मालकीचा मार्ग मोकळा करणारा कायदा यायला २०१४ साल उजाडले. मयेकरांच्या दोन पिढ्या आपल्याच अंगणात परक्यासारख्या राहिल्या, याचा राग येणे साहजिक आहे. पण तो राग विधानसभेवर धरायचा आहे. कौलाच्या निकालाने मयेची जमीन अडवली नाही. जमीन, शाळा, पाणी हे रोजच्या राजकारणाचे प्रश्न सरकारे बदलून सुटतात, म्हणून ते सार्वमतात ओढू नयेत. कौल घ्यायचा तो एका प्रश्नापुरता, आणि बाकीचे प्रश्न सोडवायला मजबूत विधानसभा मागे उभी असली तर हरलेल्या बाजूचेही भले होऊ शकते. मार्च १९६७ मध्ये पेडणे-डिचोलीच्या मतदाराला आपल्या पक्षाचे सरकार परत मिळाले. निकाल पचायला त्याने नक्कीच मदत झाली असणार.

या निकालाचे ‘ख्रिस्ती विरुद्ध हिंदू’ असे सोपे वाचन अजूनही केले जाते. त्या काळी गोव्यातली ख्रिस्ती लोकसंख्या चाळीस टक्क्यांच्या आत होती आणि दोन पानांना पडलेल्या मतांपैकी बरीच सासष्टीची होती, हे खरे. पण एकूण मतदानात दोन पानांचा वाटा ५४ टक्के आहे. मधल्या मतांचा हिशेब हिंदू मतदाराला वगळून लागतच नाही. मराठी वाचकाने आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. विलीनीकरणाविरुद्धची सर्वांत धारदार लेखणी मराठीत चालली. मडगावहून निघणाऱ्या ‘राष्ट्रमत’ या मराठी दैनिकात उदय भेंब्रे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर लिहीत होते. मराठी वाचणारा, मराठीत आरती म्हणणारा, मराठी नाटकावर जीव टाकणारा गोमंतकीय मुंबईच्या सचिवालयाखाली जायला तयार नसू शकतो, ही शक्यता त्या काळी महाराष्ट्रातल्या भल्याभल्यांनी गृहीतच धरली नव्हती. भाषेवरचे प्रेम आणि राज्याची सीमा यांचे गणित परस्पर मांडणाऱ्याला लोकांनी शांतपणे खोडून काढले. मोर्चे मोजून, सभांची गर्दी बघून किंवा जनगणनेतल्या मातृभाषेच्या रकान्यावरून हे उत्तर कधीच निघाले नसते. ते मतपेटीतूनच निघायचे होते.

पेडणे-डिचोलीच्या माणसाला ‘कौल’ हा शब्द राजकारणाने शिकवलेला नाही. देवळात देवाला कौल लावतात तेव्हा पाण्याने ओल्या केलेल्या पाकळ्या मूर्तीच्या अंगावर चिकटवतात, गाऱ्हाणे घालतात आणि पाकळी उजवीकडची पडते की डावीकडची, हे सगळे श्वास रोखून पाहतात. या रीतीचे काही अलिखित नियम आहेत. गाऱ्हाणे स्पष्ट असावे लागते. एका वेळी एकच प्रश्न. पाकळीला बोट लावायचे नाही. आणि मिळालेला कौल मनासारखा नसला तरी पाळायचा. श्रद्धा असो वा नसो, सार्वमताच्या कायद्यातही मला याहून वेगळे काही दिसत नाही. १९६६ साली गोव्यात पाकळीला बोट लागू नये म्हणून एक गोष्ट झाली, तिचे मोल आज कुणाला आठवत नाही. डिसेंबरच्या आरंभी बांदोडकर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, राष्ट्रपती राजवट आली आणि कौल घेण्याची यंत्रणा कोणत्याही बाजूच्या हातात राहिली नाही. सत्तेवर बसून, सरकारी गाड्या फिरवून, शिक्षक-तलाठ्यांना जुंपून हा कौल घेतला गेला असता, तर निकाल कोणताही लागो, दुसऱ्या बाजूने तो कधीच मानला नसता. पाकिस्तानात झिया-उल-हक यांनी डिसेंबर १९८४ मध्ये सार्वमत घेतले, तेव्हा इस्लामीकरणाला ‘होय’ म्हणणे म्हणजे झियांना पाच वर्षे अध्यक्षपदी ठेवणे, अशी मेख मारली होती. प्रश्न विचारणारा स्वतःच लाभार्थी होता. सार्वमत हे हुकूमशहाचे हत्यार होऊ शकते, हा आक्षेप अशा उदाहरणांवर उभा आहे आणि तो खरा आहे. त्याला उत्तर म्हणून गोव्याने राजीनामा दाखवला आहे.

दुसरा नियम प्रश्नाचा. ब्रिटनने २३ जून २०१६ रोजी लोकांना विचारले की युरोपीय संघात राहायचे की बाहेर पडायचे. ५१.९ टक्के लोक ‘बाहेर’ म्हणाले. पण बाहेर म्हणजे नेमके कुठे, कोणत्या अटींवर, आयर्लंडच्या सीमेचे काय, हे मतपत्रिकेवर नव्हते आणि प्रचारातही नव्हते. साडेतीन वर्षे संसद त्याचा अर्थ लावत बसली. ‘सामान्य माणसाला गुंतागुंतीचे कळत नाही’ असा त्यातून निष्कर्ष काढतात. मला तो अन्यायाचा वाटतो. गुंतागुंत राज्यकर्त्यांनी लपवली होती आणि दोष मतदाराच्या माथी मारला गेला. गोव्यात दोन्ही पर्याय डोळ्यांसमोर उभे होते. महाराष्ट्र राज्य होतेच, त्याचे कायदे माहीत होते. केंद्रशासित गोव्याचे निवडून आलेले सरकारही तीन वर्षे चालले होते. शेतकरी, खाणकामगार, मासे विकणारी बाई, जिला अक्षर येत नव्हते तीदेखील, फूल आणि दोन पाने यांतला फरक पुरेपूर ओळखत होती. ८२ टक्के मतदान उगाच होत नाही.

तरी गोव्याच्या कौलात एक मोठी खोट होती आणि ती झाकून ठेवता कामा नये. घटक राज्य हा तिसरा पर्याय मतपत्रिकेवर नव्हताच. महाराष्ट्र नको असलेल्याला केंद्राच्या नायब राज्यपालाखाली राहण्यालाच मत द्यावे लागले. पुढे ३० मे १९८७ रोजी गोवा राज्य झाले, म्हणजे ज्यासाठी कुणालाच मत देता आले नव्हते ते वीस वर्षांनी घडले. दोनच दारे उघडी ठेवली की माणूस कमी नावडत्या दारातून जातो, आणि मग त्याने ते दार मनापासून निवडले असे आपण समजतो. दुसरी खोट मतदारयादीची. कामासाठी मुंबईत आणि अन्यत्र राहणाऱ्या गोमंतकीयांना मत द्यावे, ही युनायटेड गोवन्सची मागणी मान्य झाली नाही. या बाबतीत मी त्या वेळच्या निर्णयाच्या बाजूने आहे. ज्याला त्या निर्णयाखाली रोज जगायचे आहे त्यानेच तो घ्यावा, ही कसोटी धरली नाही तर यादी कुठेच थांबत नाही. गावाशी नाते सांगणारा प्रत्येक जण मतदार ठरतो. शिवाय तो नियम दोन्ही बाजूंच्या चाकरमान्यांना सारखाच लागला.

पेडण्याच्या बाजूने विचारला जाणारा प्रश्न याहून टोकदार आहे. आमच्या तालुक्याने फूल निवडले, मग सासष्टीच्या मतांनी आमचे भवितव्य का ठरावे? मते तालुकावार का मोजू नयेत? देशाने ती रीतही पाहिली आहे. जुलै १९४७ मध्ये आसामातल्या एकट्या सिल्हेट जिल्ह्यात सार्वमत झाले, जिल्हा पूर्व पाकिस्तानात गेला आणि करीमगंजचा तुकडा कापून भारतात राहिला. मोजणीचा घटक लहान करत गेलो की प्रत्येक हरलेला तालुका वेगळा मागू शकतो, तालुक्यात हरलेले गाव वेगळे मागू शकते, आणि शेवटी नकाशाच्या चिंध्या होतात. पेडणे महाराष्ट्रात, बारदेश गोव्यात, डिचोली महाराष्ट्रात आणि तिसवाडी गोव्यात, असा निकाल कोणाच्याच कामाचा नव्हता. घटक आधी ठरवावा लागतो आणि तो ठरवताना कोणीतरी अल्पसंख्य राहणारच. म्हणूनच कौलानंतर त्या अल्पसंख्याची देणी चुकती करणे विजयी बाजूवर अधिक बंधनकारक होते. भाषेच्या बाबतीत हे चुकते झाले का, यावर उत्तर गोव्यात आजही मतभेद आहेत. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणीला राजभाषा केले आणि मराठीच्या सरकारी वापराला मुभा दिली. कौलात भाषेचा प्रश्न विचारलेलाच नव्हता, तरी दोन पानांचा विजय म्हणजे मराठीचा पराभव असा अर्थ दोन्ही बाजूंच्या काही जणांनी काढला. कौलाला जे विचारले नाही त्याचे उत्तर त्याच्या तोंडी घालणे, ही निकालाशी केलेली बेइमानी आहे.

मग सगळेच लोकांना विचारावे का? नाही. स्वित्झर्लंड वर्षातून अनेकदा सार्वमत घेते, त्याचे कौतुक मलाही आहे. पण त्याच स्वित्झर्लंडच्या पुरुषांनी १९५९ मध्ये बायकांना मताधिकार नाकारला. तो मिळायला १९७१ उजाडले. २००९ मध्ये तिथल्या बहुमताने मशिदींच्या मिनारांवर बंदी घातली. माणसाचे मूलभूत हक्क शेजाऱ्यांच्या मतावर सोपवता येत नाहीत. त्यासाठी राज्यघटना आणि न्यायालये आहेत. प्रकल्प, खाणी, जमिनींचे आराखडे यांसाठी ग्रामसभा आहे, तिला दात द्यावेत. ओडिशात नियमगिरीच्या बारा ग्रामसभांनी २०१३ मध्ये खाणीला नकार दिला तो सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशामुळे, आणि म्हणूनच तो टिकला. याउलट २१ सप्टेंबर २००८ रोजी रायगडच्या पेण भागातल्या २२ गावांत महाराष्ट्र सरकारने विशेष आर्थिक क्षेत्रावर (एसईझेड) जनमत घेतले, पण अधिकृत निकालच जाहीर केला नाही. कौल लावायचा आणि पाकळी पडताच दिवा मालवायचा, याला काय म्हणावे? पाळायचा नसेल तर कौल घेऊ नये. त्याने लोकांचा मतपेटीवरचा विश्वासच उडतो.

आता सीमावादातले बेळगाव. तिथली परिस्थिती गोव्यासारखी नव्हती, हे मान्य करायला हवे. गोव्याची सीमा पावणेदोनशे वर्षे आखलेली होती, सीमाभागात गावागावांत दोन्ही भाषांची घरे आहेत. १ नोव्हेंबर १९५६ ला हा भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला, महाराष्ट्र ८१४ गावे मागत आला. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा, ही महाराष्ट्राची सूत्रे. त्यातले शेवटचे सूत्र कधी मतपेटीपर्यंत पोचलेच नाही. महाजन आयोगाने २६४ गावे महाराष्ट्राला द्यावीत आणि बेळगाव शहर म्हैसूरकडे ठेवावे असे सांगितले. महाराष्ट्राने अहवाल फेटाळला. एका न्यायाधीशाच्या लेखणीने ठरलेले उत्तर, ते बरोबर असो की चूक, हरलेल्याला आपले वाटत नाही. सीमाभागातल्या महाराष्ट्र एकीकरण समितीने निवडणुकांमागून निवडणुका लढवल्या, अनेकदा जिंकल्या, आणि प्रत्येक विजय म्हणजे विलीनीकरणाचा कौल असे सांगितले. कर्नाटकाने तो तसा कधीच मानला नाही. समितीचा पराभव झाला की हेच उलट्या बाजूने घडते, मराठी माणसाने मागणी सोडली असे जाहीर केले जाते. गोव्याच्या १६ आणि १२ या जागांनी दाखवलेला धडा इथे तंतोतंत लागू पडतो. आमदारांच्या संख्येवरून सीमेबद्दलचे मन वाचता येत नाही.

सार्वमत हा शब्द दिल्लीला नकोसा वाटतो तो काश्मीरमुळे. म्हणूनच १९६६ च्या कायद्याच्या नावात ‘ओपिनियन पोल’ हा सौम्य शब्द आला असावा. एकदा विचारले की उद्या देशातून फुटण्याबद्दलही विचारावे लागेल, ही भीती. पण गोव्यात भारतात राहावे की नाही हे विचारलेच नव्हते. भारताच्या आत, घटनेच्या चौकटीत, कोणत्या घरात राहायचे एवढेच विचारले होते. जुनागढ, चंद्रनगर, सिक्कीम इथली मतदाने भारतात येण्यासाठी झाली. देशांतर्गत रचनेसाठी लोकांना थेट विचारणारा गोवा हा, दमण-दीवसह, एकमेव दाखला राहिला. घटनेच्या तिसऱ्या कलमानुसार राज्याची सीमा, नाव, अस्तित्व बदलताना त्या राज्याच्या विधानसभेचे मत फक्त मागवायचे असते, मानायचे नसते. जानेवारी २०१४ मध्ये आंध्र प्रदेश विधानसभेने विभाजनाचे विधेयक फेटाळले आणि पुढच्याच महिन्यात संसदेने ते मंजूर केले. २०१९ मध्ये जम्मू-काश्मीर राज्याचे दोन केंद्रशासित प्रदेश झाले तेव्हा तिथे विधानसभाच नव्हती. या निर्णयांचे गुणदोष वेगळे ठेवू. ज्यांचे राज्य बदलले त्यांना त्याबद्दल एकदाही मत देता आले नाही, हे दोन्ही ठिकाणी सारखे आहे. तिसऱ्या कलमाला गोव्याच्या कायद्याची जोड द्यावी, अशी माझी मागणी आहे. राज्य विलीन करायचे, विभागायचे किंवा त्याचा दर्जा उतरवायचा असेल तर संसदेने अंतिम निर्णय घेण्याआधी तिथल्या मतदारांचा कौल घ्यावा. पर्याय दोनापेक्षा जास्त असतील तर ते सगळे मतपत्रिकेवर असावेत. कौलाच्या काळात तिथले मंत्रिमंडळ पायउतार व्हावे. आणि एकदा कौल झाला की एका पिढीपर्यंत तोच प्रश्न पुन्हा उकरू नये.

शेवटच्या अटीचे कारण सीमेवरच सापडते. २०१८ मध्ये दोडामार्ग तालुक्यातून गोव्यात सामील करून घ्या अशी मागणी आली. गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी इस्पितळात बाहेरच्या रुग्णांना शुल्क सुरू झाले, हे त्यामागचे ताजे कारण. १९६७ मध्ये पेडण्याचा कूळ कायद्यासाठी नदीपलीकडे बघत होता, पन्नास वर्षांनी पलीकडचा रुग्ण औषधासाठी अलीकडे बघू लागला. दोघांचीही गरज खरी होती, आणि दोघांसाठीही सीमा हलवण्यापेक्षा सोपे उपाय होते. तिळारीचे धरण दोडामार्गात आहे, पाणी डिचोली-पेडण्यालाही येते आणि दोन्ही राज्ये मिळून तो प्रकल्प चालवतात. कालवा फुटला की अलीकडच्या नळाला कोरड पडते, तेव्हा भांडण होते, दुरुस्ती होते, पण तेरेखोलच्या काठावरची रेघ कुणी पुसायला काढत नाही. ती रेघ कोणी आखली, असे आज पेडण्यात विचारले तर उत्तर देता येते. किती मतदार होते, किती आले, कोणत्या बाजूला किती पडले, शेवटच्या मतापर्यंत सांगता येते. बेळगाव, खानापूर, निपाणीसाठी असा एकही आकडा कोणाकडे नाही. २००४ च्या दाव्यात दोन्ही राज्यांचे वकील नकाशे, जनगणना आणि जुने अहवाल घेऊन उभे आहेत.